सहकार्य आणि संगनमत

सीईटीचा निकाल लागला की माझ्या घरी पालकांची ये-जा सुरू होते. मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी आणि अभियांत्रिकीचा शिक्षक, म्हणून कुणाच्या ना कुणाच्या ओळखीने माणसे येतात. कुणी शेवगाव-पाथर्डीकडचे, वर्षातले सहा महिने उसाच्या फडावर काढणारे. कुणी नगरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामावर असलेले. कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी. त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. सर, कॉम्प्युटर घ्यावे की मेकॅनिकल? लोणी बरे की संगमनेर? शिष्यवृत्ती वजा जाता पदरचे किती घालावे लागतील? नोकरी लागेल ना? हे सारे प्रश्न रास्तच आहेत आणि मी यथाशक्ती त्यांची उत्तरे देतो. परंतु इतक्या वर्षांत ‘माझा मुलगा तेथे चार वर्षे कुणाबरोबर राहील?’ असे एकाही पालकाने विचारल्याचे मला आठवत नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘अभियांत्रिकी शिक्षणातील संधी’ असा विषय सुचवला होता. संधींची यादी आता कुणालाही मोबाईलवर मिळते. म्हणून त्यांची क्षमा मागून मी या न विचारलेल्या प्रश्नावर लिहितो आहे.

आपल्या जिल्ह्यात ‘सहकार’ हा शब्द शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. त्याच्या लेखी सहकार म्हणजे कारखाना, सोसायटी, दूध संघ, पतसंस्था. १९५० साली लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने. त्या इतिहासातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. स्वतःच्या पैशाने शेअर घेणाऱ्या त्या शेतकऱ्यांनी आपल्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद पंचक्रोशीतल्या एखाद्या मातब्बर बागाईतदाराला दिले नाही; पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ यांना दिले. ज्याचा ऊस नाही, ज्याची भावकी नाही, ज्याला हिशेब कळतो, असा माणूस त्यांनी खुर्चीवर बसवला. पुढे १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तिन्ही ठिकाणी अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली. तिन्हींच्या मागे साखर कारखान्यांभोवती उभे राहिलेले नेतृत्व होते. ज्या तालुक्यांतून पूर्वी एखाददुसरा मुलगा पुण्याच्या सरकारी महाविद्यालयात जाई, तेथे दरसाल शेकडो मुले अभियंता होऊ लागली. या ऋणाचा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र त्या सहकाराच्या कुंपणाबाहेर कोण होते, हेही आपल्याला विसरता येत नाही. सभासद व्हायचे तर शेअर हवा, शेअर घ्यायचा तर ऊस हवा, ऊस पिकवायचा तर पाण्याखालची जमीन हवी. फडात कोयता चालवणारा हात सभासद नव्हता. डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेब हरेगावला आले होते, ते महार वतनदारांच्या परिषदेसाठी. वतनाच्या तुटपुंज्या जमिनींवर सरकारने लादलेल्या वाढीव आकारणीचा प्रश्न तेथे गाजला. ज्या हरेगावात साखरेचा कारखाना चालत होता, त्याच हरेगावात आपल्या वाडवडिलांचा लढा जमिनीच्या तुकड्यासाठी होता. सहकाराची फळे आपल्यापर्यंत पोहोचली ती पुष्कळ उशिरा. आणि पोहोचली ती राखीव जागा, शिष्यवृत्ती आणि वसतिगृहे या मार्गांनी.

मी १९९२ साली जिल्ह्यातीलच एका महाविद्यालयात प्रवेश घेतला. नाव सांगत नाही. जे घडले ते कुठेही घडू शकले असते. आपल्या शाळेत सात वर्षे राहून गेलेला मुलगा मी. घंटा वाजली की उठायचे, ताट स्वतः घासायचे, कोठीघरातील धान्याची मोजदाद पाळीपाळीने करायची, हे अंगवळणी पडलेले. तेथे पहिल्याच संध्याकाळी खोलीतील एकाने विचारले, “पूर्ण नाव काय तुझे?” मी नाव सांगितले, गाव सांगितले आणि आडनाव गिळले. तो हसला. गावाच्या नावावरून आडनाव काढता येते, एवढे गणित त्याला येत होते.

त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलाची खरी दीक्षा म्हणजे जी. टी. ज्यांचा अभियांत्रिकीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रॉइंगच्या शीट स्वतः विचार करून काढायच्या असतात. त्याऐवजी दोन खुर्च्यांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली शंभराचा बल्ब लावायचा, काचेवर कुणाची तरी तयार शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट ठेवून रेषा गिरवायच्या. हे ग्लास ट्रेसिंग. ज्याची शीट मूळ, तो त्या रात्रीचा राजा. त्याचे मित्र आधी, मित्रांचे गाववाले नंतर, उरलेले शेवटी. एकाने पेन्सिलीला टोक काढायचे, एकाने शीट सरकू नये म्हणून कोपरे धरायचे, एकाने चहा आणायचा. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, काय ही मुलांची एकी! माझी पाळी आली तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. माझ्यानंतर एकच जण उरला होता. अकोले तालुक्यातील, भंडारदऱ्याच्या बाजूच्या एका आदिवासी कुटुंबातला, कुणाशी फारसे न बोलणारा मुलगा.

एका ब्रॅकेटच्या त्या चित्रात छिद्राची लपलेली कड तुटक रेषेने दाखवायला हवी होती. मूळ शीटवर ती अखंड काढली गेली होती. साहजिकच ती चूक अकरा शीटवर जशीच्या तशी उतरली. सर मुरलेले होते. त्यांनी अकराही शीट टेबलावर मांडल्या आणि विचारले, “मूळ कुणाची?” वर्ग गप्प. मग एकाने नाव घेतले आणि पाठोपाठ इतरांनीही तेच घेतले. ते नाव त्या अकोल्याच्या मुलाचे होते, कारण तो कुणाचाच नव्हता. त्याची शीट फाडली गेली, सगळ्या शीट पुन्हा काढायला सांगितल्या गेल्या, आणि दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे झाले तेव्हा तो एकटा मागे राहिला.

मूळ शीट कुणाची, हे मला माहीत होते. मी बोललो नाही. त्या रात्री त्या मुलांनी प्रथमच मला आपल्या दिव्यापाशी बसू दिले होते, आणि ती जागा मला गमवायची नव्हती. जातीमुळे बाहेर राहण्याचे दुःख ज्याला चांगले माहीत होते, त्यानेच आत शिरायला जागा मिळताच दार लावून घेतले. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते.

या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी मला त्यासाठी नेमका शब्द सापडला, तो संगनमत. आमच्या काचेभोवती जे चालले होते ते सहकार्य नव्हतेच. संगनमतातही माणसे एकमेकांना मदत करतात, एकमेकांवर विश्वासही ठेवतात. पण तो विश्वास लपवण्यासारख्या गोष्टीवर उभा असतो, आणि पकडले जाण्याची वेळ आली की बळी द्यायला त्याला बाहेरचा एक माणूस लागतो. जर्नल उतरवणे, दुसऱ्याची हजेरी लावणे, तोंडी परीक्षेला आधी जाऊन आलेल्याने प्रश्न फोडणे, ही सारी अभियांत्रिकीच्या जीवनातली गोड समजली जाणारी कृत्ये याच जातीची आहेत. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत त्यांच्या आठवणी काढून आपण हसतो. मीही हसतो. परंतु ठेक्याच्या निविदा आधीच वाटून घेणारे आणि पुलाच्या काँक्रीटमध्ये सिमेंट कमी घालूनही मोजमाप-पुस्तिकेवर सह्या करणारे अभियंते आकाशातून पडत नाहीत. त्यांचा पहिला सराव अशाच एखाद्या काचेवर झालेला असतो.

सहकार्य म्हणजे काय, ते मला दुसऱ्या वर्षी मेसने शिकवले.

१४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. औरंगाबाद आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर. वसतिगृहात आनंद झाला तो खोलीचे दार लावून, आणि राग व्यक्त झाला तोही दार लावूनच. जेवणाच्या टेबलांवर आपोआप दोन बाजू पडल्या. नेमका त्याच महिन्यात मेसचा कंत्राटदार थकबाकीच्या भांडणातून निघून गेला. नवा माणूस मिळेपर्यंत मुलांनी स्वतः मेस चालवावी, असे ठरले. ठरले म्हणजे दुसरा उपायच नव्हता. आचारी राहिले, खरेदी आणि हिशेब आमच्यावर आला. पैसे कोण हाताळणार, या प्रश्नावर पहिली सभा मोडली. एका बाजूला दुसरी बाजू चोर वाटत होती.

दुसऱ्या सभेत मी उठून आपल्या शाळेतील कोठीघराची पद्धत सांगितली. वक्तृत्व वगैरे काही नव्हते, मला दुसरे काही येतच नव्हते. खरेदीला नेहमी दोघांनी जायचे आणि ते दोघे एका गटातले नसावेत. प्रत्येक पावतीवर दोघांच्या सह्या. पावत्या तारेला लावून ती तार भोजनगृहाच्या दारात टांगायची. आलेला माल सर्वांदेखत तोलायचा. रोजचा खर्च आणि रोजचे खाडे फळ्यावर लिहायचे, महिनाअखेरीस एकूण खर्चाला एकूण हजेरीने भागायचे आणि येईल तो दर सर्वांना सारखा. माझ्या जोडीला राहुरीकडच्या एका बागाईतदाराचा मुलगा आला. नामविस्ताराविषयी त्याची मते मला ठाऊक होती, माझी त्याला. आम्ही एकाच सायकलवर बाजारात गेलो आणि वाटेत एक शब्दही बोललो नाही.

तिसऱ्या आठवड्यात तूरडाळीची एक गोणी कमी भरली. संशय कुणावर जाणार, हे सांगायला नको. भोजनगृहात आवाज चढले. तेव्हा तो राहुरीचा मुलगा उठला आणि म्हणाला, “पावतीवर माझीबी सही आहे. चोर म्हणायचं तर दोघांना म्हणा.” दोन दिवसांनी उलगडा झाला, दुकानातल्या हमालाने ती गोणी दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या टेम्पोत टाकली होती. त्या मुलाचे माझ्याविषयीचे प्रेम एकाएकी उफाळून आले होते, असे मी मानत नाही. तो त्या दिवसांत माझ्याबरोबर जेवतही नसे. ताट घेऊन आपल्या खोलीत जाई. परंतु सही त्याची होती आणि तोलताना काट्याकडे त्याने स्वतः पाहिले होते. शिमग्यानंतर कधीतरी तो पंगतीत येऊन बसला. नेमका कोणता दिवस, ते मला आठवत नाही. त्यालाही आठवत नसावे.

माझे मत या अनुभवातून बनले आहे. आपण व्यासपीठावरून नेहमी असे सांगतो की आधी मने बदलली पाहिजेत, मग विश्वास येईल, आणि विश्वास आला की माणसे एकत्र काम करतील. माझ्या पाहण्यात क्रम नेमका उलटा आहे. आधी असे काम हवे की जे फसले तर दोघांचेही नुकसान होईल. त्या कामाचा हिशेब दोघांनाही वाचता येईल असा उघडा हवा. विश्वास त्यातून येतो, आणि मन बदलायचे असेल तर ते सर्वांत शेवटी, स्वतःच्या सवडीने बदलते. मन बदलण्याची वाट पाहत बसलो तर मेस बंद पडते.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांची फारकत करता येत नाही हे सांगताना बंधुतेवर फार भर दिला होता. बंधुता नसेल तर उरलेल्या दोन गोष्टी टिकवायला पोलीस शिपाई उभा करावा लागेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपण हे दरवर्षी १४ एप्रिलला ऐकतो आणि टाळ्या वाजवतो. बंधुता या शब्दाभोवती आपण इतकी भावना गोळा केली आहे की तिला काही कार्यपद्धती असते हेच विसरलो आहोत. मज्झिम निकायात अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तीन भिक्खू गोसिंगच्या सालवनात एकत्र राहत असल्याची कथा आहे. तुम्ही दुधात पाणी मिसळावे तसे कसे राहता, असे तथागत त्यांना विचारतात. उत्तरात मैत्रीचा उल्लेख येतोच. पण त्यापाठोपाठ काय येते, ते पाहण्याजोगे आहे. भिक्षेहून जो आधी परततो तो आसने मांडतो, पिण्याचे पाणी ठेवतो. जो शेवटी येतो तो उरलेसुरले आवरून जागा झाडतो. मडके रिकामे दिसेल तो ते भरतो. एकट्याला उचलेनासे झाले तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलावतो. वसतिगृहाच्या खोलीत राहिलेल्या कुणालाही पटेल की निम्मी भांडणे या मडक्यावरूनच होतात.

याच गोष्टीचे गावाएवढे मोठे रूप पाहायचे तर नगर तालुक्यातील हिवरे बाजारला जावे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा ते गाव दुष्काळाने आणि भांडणांनी पोखरलेले होते. श्रमदान, बांधबंदिस्ती, चराईबंदी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्यातल्या अभियंत्याला सर्वाधिक भावतो तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती पडला हे मोजले जाते, विहिरींची पातळी पाहिली जाते, माणसांना, गुराढोरांना आणि पिकांना किती पाणी मिळेल याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो, आणि त्यानुसार कोणती पिके घ्यायची ते ठरते. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, उसासारखे तहानलेले पीक लावायचे नाही, ही बंधने गावाने स्वतःवर घालून घेतली. शेजारी रात्री गुपचूप बोअर घेईल अशी धास्ती जेथे असते, तेथे प्रत्येक जण त्याच्याआधी घेऊन मोकळा होतो. ती धास्ती तेथे उपदेशाने गेली नाही; सर्वांसमोर वाचल्या जाणाऱ्या आकड्याने ती कमी केली. यापेक्षा मोठे अभियांत्रिकीचे काम मला ठाऊक नाही.

आता आजच्या मुलांकडे येतो. आपला जिल्हा गेल्या काही वर्षांत कोणत्या घटनांनी देशभर ओळखला गेला, ते उगाळायचे नाही, पण टाळताही येत नाही. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातील खर्ड्याला आपल्या समाजातील एका शाळकरी मुलाचा खून झाला. २०१७ मध्ये खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. १३ जुलै २०१६ रोजी कर्जत तालुक्यातील कोपर्डीत मराठा समाजातील एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. दोषींना शिक्षा झाली, आणि त्या घटनेनंतर निघालेल्या मोर्चांनी सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. दोन्ही लेकरे आपलीच. पण दोन्हींसाठी एकत्र रडता येईल अशी जागा या जिल्ह्यात फारशी उरली नाही. मी शिकवतो तेथे २०१६ च्या त्या पावसाळ्यात अंतिम वर्षाचे प्रोजेक्ट-गट बनत होते. चौघांचा एक गट. आधी ठरलेले गट आठवड्याभरात फुटले आणि नव्याने जुळले. नव्या याद्या हाती आल्या तेव्हा मी फक्त आडनावे वाचली आणि काय घडले ते उमगले. एकाही मुलाने दुसऱ्याला वाकडा शब्द वापरला नव्हता. सारे अत्यंत सभ्यपणे पार पडले होते.

तेव्हापासून मी माझ्याकडचे निम्मे गट चिठ्ठ्या टाकून पाडतो. मुले कुरकुरतात. कुणी म्हणते, गुण जातील. कुणी म्हणते, काम एकट्यावर पडेल. कधी कधी तसे होतेही. म्हणून प्रत्येक गटाने वही ठेवायची, कुणी काय काम घेतले आणि केव्हा पूर्ण केले ते तारखेसह लिहायचे, दर शुक्रवारी चौघांनी सह्या करायच्या, असा नियम आहे. सगळेच गट जमतात असे नाही. गेल्या वर्षी एक गट शेवटपर्यंत जमला नाही, आणि त्यांचा पाण्याचा पंपही चालला नाही.

काही ज्येष्ठ मंडळींना माझे हे म्हणणे भाबडे वाटते. “पोरांना आपल्यातच राहायला सांगा, बाहेर कोण आपले?” असे ते म्हणतात. त्यांच्या काळजीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाचा एक दलित विद्यार्थी वसतिगृहात जीवाला मुकला. जातीवरून त्याला वेगळे पाडले गेल्याचे कुटुंबाने सांगितले, संस्थेच्या समितीला तसे आढळले नाही. वाद काहीही असो, अठरा वर्षांचा तो मुलगा तेथे किती एकटा असेल, या विचाराने अनेक रात्री झोप लागली नाही. ज्या मुलाला खोलीत टोमणे ऐकावे लागतात त्याला ‘मिळून मिसळून राहा’ असे सांगणे हा निर्दयपणा आहे. तेथे तक्रार केलीच पाहिजे. भेदभावाविरुद्ध तक्रार ऐकून घेण्यासाठी प्रत्येक महाविद्यालयात यंत्रणा असावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०१२ चा नियम आहे, आणि रॅगिंगविरुद्ध आपल्या राज्याचा १९९९ चा कायदा आहे. हे दोन्ही मुलांना घरून निघतानाच माहीत असले पाहिजेत. संकटात धावून जाणारी आपली माणसे हवीतच. मात्र चार वर्षे केवळ आपल्याच माणसांत काढलेला मुलगा सुरक्षित राहतो हा समज मला मान्य नाही. तो पुढे ज्या कारखान्यात, ज्या साइटवर, ज्या कार्यालयात जातो तेथे पावतीवर दुसरी सही परक्याची असते. ती मिळवायची सवय त्याला कुठे लागणार?

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या मुलांची शिष्यवृत्ती मंजूर होते, पण बँकेत पडायला उशीर होतो. त्या मधल्या महिन्यांत परीक्षा-शुल्क, मेसचे पैसे, खोलीची अनामत यासाठी मुले सावकारासारख्या व्याजाने उचल घेतात किंवा वर्गात येणेच सोडतात. वडील फडावर असतात, फोन लागत नाही. यासाठी आपण एक परस्पर साहाय्य निधी उभारावा. तो देणगी म्हणून वाटू नये; बिनव्याजी उसनवार म्हणून द्यावा आणि शिष्यवृत्ती आली की परत घ्यावा. घेणाऱ्याचे नाव उघड करू नये, पण जमा, खर्च आणि थकबाकी दर तिमाहीला सर्वांना पाठवावी. आणि प्रत्येक अर्जावर जामीनदार असावा तो त्या मुलाचा रूम पार्टनर.

येथे खरा मतभेद होईल, याची मला कल्पना आहे. जामीनदार कोणत्याही समाजाचा असो, आणि त्या रूम पार्टनरला स्वतःला गरज पडली तर त्यालाही याच निधीतून उसने मिळावे, तेव्हा जामीन आपला मुलगा. “आपल्याच पोरांना पुरेना, आणि दुसऱ्यांना काय वाटता?” हा आक्षेप मी घरातच ऐकला आहे, माझ्या थोरल्या बंधूंचा आहे. त्यांना मी एवढेच म्हणालो की, दादा, बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंदची सुरुवात केली, तेव्हा पैसा सांडून वाहत नव्हता. तरीही त्या महाविद्यालयांची दारे सर्व जातींच्या मुलांना उघडी होती. आपल्या जिल्ह्यात जामीनदार या शब्दाला वजन आहे. सोसायटीचे कर्ज घेताना जो आपल्यासाठी सही करतो त्याच्याशी वागताना माणूस चार वेळा विचार करतो. आपल्या वाडवडिलांना जामीन राहायला गावात कुणी पुढे येत नसे, कारण आपल्याकडे गहाण टाकण्यासारखे काही नव्हते. आता आपण दुसऱ्याला जामीन राहू शकतो. दादांना हे पटलेले नाही. त्यांनी वर्गणी मात्र दिली आहे, ‘फक्त आपल्या मुलांसाठी’ असे पाकिटावर लिहून.

शाळेच्या व्यवस्थापनाला एक विनंती आहे. आमच्या वेळी कोठीघराची मोजदाद मुले करीत. पुढे कामाचा व्याप वाढला, संगणक आले, हिशेब कार्यालयात गेला. सोय झाली, पण मुलांचा काटा हातचा गेला. इयत्ता नववीपासून पुढच्या मुलामुलींकडे कोठीघराची एक पाळी पुन्हा द्यावी. तूरडाळ किती आली, किती लागली, किती उरली, आणि कमी भरली तर जबाबदार कोण, हे चौदाव्या वर्षी कळलेले बरे.

तो अकोल्याचा मित्र पुढे शिकला. पहिल्या वर्षी मागे पडला, पण सुटला. आता जलसंपदा खात्यात आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटला. बराच वेळ आम्ही धरणांच्या साठ्याविषयी आणि मुलांच्या शिक्षणाविषयी बोललो. शेवटी धीर करून मी त्या शीटचा विषय काढला आणि मूळ शीट कुणाची होती ते मला माहीत होते, हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तुला माहीत होतं, हे मला तेव्हाच माहीत होतं.” एवढे बोलून तो जेवायला उठला आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली.

निधीच्या नियमांचा कच्चा मसुदा मी शाळेच्या कार्यालयात ठेवला आहे. त्यात जामीनदाराविषयीचे कलम सहावे आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यात त्यावर चर्चा व्हावी, अशी अपेक्षा आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो लेखी आणि सहीनिशी कळवावा. सर्व पत्रे सभेत वाचून दाखवली जातील, दादांचेही.